रुपया आणि डॉलरचे जुने दर: कोल्हापुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या फौंड्रीवाल्यांचे निर्यातीचे कागद आणि हिशेब बघणं हे माझं रोजचं काम. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतून कास्टिंग परदेशात जातं, त्याचे पैसे डॉलरमध्ये नाहीतर युरोमध्ये येतात आणि त्याचे रुपये किती झाले हे कागदावर पक्कं करावं लागतं. त्यामुळे "अमुक साली डॉलर कितीला होता हो?" हा प्रश्न माझ्या टेबलावर कायम येतो. विचारणारे फक्त कारखानदार नसतात. शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकणारी मुलं येतात, परदेशातलं घर विकून आलेल्या रकमेवर कर भरायचाय असे निवृत्त लोक येतात, हुपरीचे चांदीवाले येतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा द्यावी लागतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, हे खरं का?

नाही. स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी एका डॉलरला सुमारे ३ रुपये ३१ पैसे पडत होते.

हे गणित कुणालाही करता येतं, आणि मी समोर बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते स्वतः करायला लावतो. रुपया तेव्हा डॉलरला बांधलेला नव्हता, पौंडाला बांधलेला होता. एक रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स. जुन्या पौंडात २४० पेन्स. २४० ला १८ ने भागा, १३.३३ येतं. एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. हा आकडा आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला पाठ असायचा. त्या वेळी एका पौंडाला अधिकृत दराने ४.०३ डॉलर मिळत. १३.३३ भागिले ४.०३ केलं की ३.३१ येतात.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे डिसेंबर १९४६ मध्ये नोंदवलेलं मूल्यही हेच सांगतं: एक रुपया म्हणजे ३०.२२५ अमेरिकन सेंट. एक रुपया एक डॉलर व्हायला तिथे १०० सेंट असायला हवे होते.

मग हा समज आला कुठून? मोबाइलवर तर दर पंधरा ऑगस्टला फिरतो.

त्यात कारण असं दिलेलं असतं की स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतावर परकीय कर्ज नव्हतं, म्हणून रुपया डॉलरच्या बरोबरीचा होता. यातलं अर्धं वाक्य खरं आहे. उलट ब्रिटनच भारताचं देणं लागत होता. दुसऱ्या महायुद्धात भारताने पुरवलेल्या मालाचे आणि सेवांचे शंभर कोटी पौंडांहून अधिक पैसे लंडनमध्ये आपल्या नावावर साठलेले होते. पण कर्ज नसलं की दर एकास एक होतो, असा कुठलाच नियम नाही. दर ठरला होता तो पौंडाशी बांधलेल्या गाठीवरून.

आणखी एक चित्र फिरतं, त्यात १९१७ साली एका रुपयाला १३ डॉलर मिळत असं लिहिलेलं असतं. १९१७ साली डॉलरला तीन रुपयांच्या आसपास पडत होते. माझा अंदाज असा की पौंडाचे १३ रुपये कुणीतरी डॉलरला चिकटवले आणि तेही उलटे.

मला याची मनापासून काळजी वाटते, कारण हाच आकडा मुलं स्पर्धा परीक्षेच्या वहीत लिहून ठेवतात. एकदा दहावीतल्या एका मुलीने हे १८ पेन्सचं गणित माझ्यासमोर चार ओळींत सोडवलं आणि म्हणाली, "काका, मग आम्हाला हे असं का नाही सांगत?" तिच्या त्या प्रश्नामुळेच हे लिहायला घेतलं.

ब्रिटिशांच्या काळात रुपया आधी कशाला बांधलेला होता?

चांदीला. १८३५ पासून कंपनी सरकारच्या मुलखात एकच रुपया आला. त्याचं वजन १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. चांदीचा भाव टिकून होता तोवर रुपयाला सुमारे दोन शिलिंग मिळत. १८७० नंतर जर्मनीपासून एकेक देश सोन्याच्या चलनाकडे गेला, चांदी बाजारात ओतली गेली आणि रुपयाही तिच्याबरोबर खाली आला. १८९३ मध्ये सरकारने लोकांनी चांदी आणून रुपये पाडून घ्यायची सोय टांकसाळीत बंद केली आणि पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर, म्हणजे पौंडाला १५ रुपयांवर स्थिर केला. पहिल्या महायुद्धानंतर तो दोन शिलिंगांवर नेऊन बघितला, टिकला नाही. १९२७ च्या कायद्याने १ शिलिंग ६ पेन्स ठरलं.

इथे कोल्हापूरकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी ज्या तरुण डॉ. आंबेडकरांचं नेतृत्व जाहीरपणे मान्य केलं, ते त्याच वर्षी अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले, आणि त्यासाठी महाराजांनी मदत केली. तिथे त्यांनी डॉक्टरेटसाठी विषय घेतला तो रुपयाचा. तो प्रबंध १९२३ मध्ये छापला गेला. १९२५ मध्ये, भारताच्या चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. रुपया कशाला बांधावा आणि कुठल्या दराने, या वादात सगळ्यात नेमकं बोलणाऱ्यांपैकी ते एक होते. माणगाव आपल्या हातकणंगले तालुक्यातलं. विनिमय दर हा विषय आपल्यापासून लांबचा आहे असं कुणी म्हटलं की मी त्यांना माणगावची आठवण करून देतो.

१९४९ साली काय झालं?

१८ सप्टेंबर १९४९ ला ब्रिटनने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला आणि भारतानेही लगोलग रुपया तेवढाच खाली आणला. पौंड १३.३३ लाच राहिला, डॉलर ३.३१ चा ४.७६ झाला. पाकिस्तानने मात्र तेव्हा आपल्या रुपयाचं अवमूल्यन केलं नाही. त्यामुळे त्यांच्या १०० रुपयांना आपले १४४ रुपये मोजायची पाळी आली आणि दोन्ही देशांतला व्यापार, विशेषतः तागाचा, अडकून पडला.

बऱ्याच तयार याद्यांत १९४७ पासून सरसकट ४.७६ दिलेला दिसतो. तो चूक आहे. पहिली दोन वर्षं वेगळी धरायला हवीत.

१९६६ च्या अवमूल्यनाबद्दल जुनी माणसं अजून बोलतात. एवढं काय झालं होतं?

६ जून १९६६ रोजी डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. शिवराज्याभिषेकाची तारीख ६ जूनच, त्यामुळे आपल्याकडे ही तारीख विसरायचं कारण नाही.

मागची कारणं साठत आली होती. १९६२ आणि १९६५ ची युद्धं, त्यात १९६५-६६ चा दुष्काळ, धान्यासाठी अमेरिकेकडे डोळे, आणि कर्ज देणाऱ्यांचा आग्रह की रुपया खाली आणा. इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. अर्थमंत्री सचिन्द्र चौधुरी होते.

हे आकडे घरात शिरतात तेव्हा कसे दिसतात ते मी माझ्या आजोबांच्या वहीत बघितलंय. माझे थोरले काका १९६५ साली अमेरिकेला शिकायला गेले होते. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने घरून ठराविक रक्कम पाठवता येत असे. लाल कापडी बांधणीच्या वहीत, शाईने, एकाखाली एक दोन नोंदी आहेत. वरची मार्च महिन्यातली: "चि. बाळास २०० डॉलर, रु. ९५२." खालची जुलैमधली: "चि. बाळास २०० डॉलर, रु. १५००." बँकेचं कमिशन बाजूला वेगळं लिहिलेलं. दोन्ही नोंदींत मुलाला पोचले ते दोनशेच डॉलर. पण मधले ५४८ रुपये आणायला आजोबांनी शाहूपुरीतल्या अडत्याकडून पुढच्या हंगामातल्या गुळावर उचल घेतली, आणि त्या उचलीची नोंद पुढच्याच पानावर आहे. शेतात ऊस उभा होता तेवढाच होता, गुऱ्हाळ तेच होतं. बदलला होता तो फक्त डॉलरचा भाव.

तेव्हा रुपया ३६ टक्के पडला की ५७ टक्के? दोन्ही आकडे वाचायला मिळतात.

दोन्ही बरोबर आहेत, फक्त मोजायची बाजू वेगळी आहे. रुपयाकडून बघा: आधी एका रुपयाला २१ सेंट मिळत, नंतर १३.३३. म्हणजे रुपया ३६.५ टक्क्यांनी उतरला. डॉलरकडून बघा: ४.७६ चा ७.५० झाला, म्हणजे डॉलर सुमारे ५७.५ टक्क्यांनी महागला. वर्तमानपत्रं कधी हा आकडा घेतात, कधी तो. विद्यार्थ्यांनी उत्तरात "रुपयाचं मूल्य घटलं" की "डॉलर महागला" हे स्पष्ट लिहावं, म्हणजे परीक्षक अडवणार नाही.

अवमूल्यन आणि घसरण यांत फरक काय?

सरकारने ठरवून ठेवलेला दर सरकारनेच एका दिवसात खाली आणला तर ते अवमूल्यन. १९४९, १९६६ आणि १९९१ ही अवमूल्यनं. बाजारात डॉलरला मागणी वाढून रुपया हळूहळू खाली आला तर ती घसरण. मार्च १९९३ नंतर जे झालं ती घसरण किंवा वाढ, कारण सरकार आता दर जाहीर करत नाही. रिझर्व्ह बँक बाजारात उतरून डॉलर विकते किंवा घेते, धक्के कमी करते, पण आकडा ठरवून देत नाही.

१९६६ ते १९९१ या पंचवीस वर्षांत दर एकच होता का?

नाही, पण बरेच लोक तसं धरून चालतात. १९६७ मध्ये ब्रिटनने पुन्हा पौंड उतरवला, त्या वेळी आपण त्याच्या मागोमाग रुपया उतरवला नाही, आणि पौंड २१ रुपयांचा १८ झाला. १५ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. त्या डिसेंबरात आपण रुपया पुन्हा पौंडाला बांधला, १८.९७ च्या आसपास, आणि डॉलर ७.२८ वर आला. सप्टेंबर १९७५ पासून एका चलनाऐवजी अनेक चलनांच्या टोपलीला बांधलं. १९८०-८१ ची सरासरी ७.९०, १९८५-८६ ची सव्वाबारा, १९९०-९१ ची १८ च्या जवळ. ऐंशीच्या दशकात रुपया फारसा गाजावाजा न होता अर्ध्याहून जास्त उतरला, याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

१९९१ ला सोनं गहाण टाकलं होतं ते या दरामुळेच का?

सोनं गहाण पडलं ते डॉलर संपत आल्यामुळे. आखाती युद्धाने तेल महागलं, अनिवासी भारतीय ठेवी काढून घेऊ लागले, दिल्लीत सरकारं टिकत नव्हती. परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं बाहेर गेलं, जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने जवळजवळ ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं. १ जुलै आणि ३ जुलै अशा दोन टप्प्यांत रुपया उतरवला. डॉलर २१ च्या आसपास होता तो २६ च्या जवळ गेला. नरसिंह राव पंतप्रधान, डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री.

ज्या देशात आई मुलीच्या लग्नाचं सोनं शेवटपर्यंत हलवत नाही, त्या देशाचं सोनं विमानात चढलं, हे गुजरीतल्या सराफांना किती लागलं असेल याची मला कल्पना आहे. ते सोनं नंतर सोडवून घेतलं गेलं, हेही तेवढ्याच ठामपणे सांगायला पाहिजे.

१९९२ सालचे दोन दर सापडतात. कुठला खरा?

दोन्ही. १ मार्च १९९२ पासून वर्षभर देशात दोन दर चालू होते. निर्यातदाराच्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी दराने घेतले जात आणि ६० टक्के बाजारभावाने बँकेला विकता येत. सरकारी दर २६ च्या आसपास, बाजारभाव ३० च्या आसपास. १ मार्च १९९३ ला दोन्ही एक झाले आणि डॉलर ३१.३७ च्या आसपास बराच काळ थांबला. त्या वर्षाचे जुने हिशेब उघडत असाल तर एका दराने गुणू नका. एका जुन्या भागीदारीच्या वाटणीत नेमकी हीच चूक झाली होती आणि दोन भावांनी वर्षभर एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. बँकेची जुनी ॲडव्हाइस, म्हणजे पैसे जमा झाल्याची चिठ्ठी, सापडली, ४०-६० ची फोड दिसली आणि फरक मिटला.

रुपया कधी वधारलाय का, की नुसता पडतच आलाय?

वधारलाय, आणि कोल्हापूरच्या कारखानदारांना ते चांगलंच आठवतं. २००२ मध्ये डॉलर ४९ च्या घरात होता. २००७ अखेर तो ४० च्या खाली आला.

रुपया मजबूत झाला की टीव्हीवर आनंद असतो. पण कास्टिंग निर्यात करणाऱ्याला काय होतं ते सांगतो. मार्च २००७ च्या सुरुवातीला डॉलर ४४ च्या आसपास असताना आमच्या एका फौंड्रीने ५०,००० डॉलरची ऑर्डर घेतली. हिशेब २२ लाखांचा. माल ओतला, मशीनिंग झालं, कंटेनर न्हावाशेव्याला गेला, आणि मे अखेरीस पैसे आले तेव्हा दर होता साडेचाळीस. हातात पडले २० लाख २५ हजार. पिग आयर्न आणि कोकचे पैसे रुपयात आधीच देऊन झाले होते, कामगारांचे पगार झाले होते. पावणेदोन लाख गेले आणि तेवढाच त्या ऑर्डरचा नफा होता.

मग फॉरवर्ड बुकिंग, म्हणजे पुढे येणारे डॉलर आजच ठरलेल्या दराने विकून ठेवणं, केलं की जोखीम संपते का?

दराची जोखीम संपते, ऑर्डरची नाही. हे मी फार महाग पडून शिकलो.

२००७ चा मार खाल्ल्यावर २००८ च्या सुरुवातीला सगळ्यांनी डॉलर पुढच्या तारखेला आधीच विकून ठेवायला सुरुवात केली. एका कारखान्याला माझाच सल्ला होता: नोव्हेंबरात येणारे एक लाख डॉलर साडेचाळीसच्या दराने बांधून टाका. रुपया आणखी वधारणार, असंच तेव्हा सगळे म्हणत होते. सप्टेंबरात अमेरिकेत बँका कोसळल्या, युरोपातल्या ग्राहकाने ऑर्डर थांबवली आणि मग रद्दच केली. नोव्हेंबरात डॉलर ४९ च्या आसपास. आमच्याकडे द्यायला डॉलर नाहीत आणि करार मात्र उभा. तो रद्द करताना दर डॉलरमागे साडेआठ रुपये, म्हणजे साडेआठ लाख भरावे लागले. मालकांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्या दिवसापासून मी हातात पक्की ऑर्डर असल्याशिवाय बुकिंग करू देत नाही, आणि पक्की असली तरी सगळी रक्कम बांधू देत नाही.

"२००८ चा दर काय होता?" एवढंच विचारलं तर काय सांगाल?

कुठल्या दिवसाचा, आणि कुठल्या प्रकारचा, हे परत विचारीन. कारण २००८ च्या जानेवारीत दर ३९ च्या थोडा वर होता. नोव्हेंबरात ५० ला लागला. जानेवारी ते डिसेंबरची सरासरी सुमारे ४३.५०. एप्रिल २००८ ते मार्च २००९ या आर्थिक वर्षाची सरासरी सुमारे ४६. मार्चअखेरचा दर ५१ च्या जवळ. पाच आकडे झाले, आणि पाचही "२००८ चा दर" म्हणून कुठे ना कुठे छापलेले सापडतात.

जागतिक बँकेचे तक्ते कॅलेंडर वर्षाचे असतात, आपल्याकडचे बहुतेक आर्थिक वर्षाचे. प्रकल्प लिहिणाऱ्या मुलांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एका तक्त्यातला आयातीचा आकडा, दुसऱ्यातला दर, आणि गुणाकार कशाशीच जुळत नाही.

बँकेच्या पाटीवरचा "खरेदी दर" म्हणजे आपण खरेदी करतो तो का?

नाही. बँकेच्या बाजूने बघायचं. बँक तुमच्याकडून डॉलर घेते तो खरेदी दर, आणि तो कमी असतो. बँक तुम्हाला डॉलर देते तो विक्री दर, आणि तो जास्त असतो. उदाहरणापुरतं, मधला दर ८३ असेल तर खरेदी ८२.६० आणि विक्री ८३.४० अशी फारकत दिसेल. नोटांचा दर याहून वाईट, कारण नोटा सांभाळाव्या आणि पाठवाव्या लागतात. तारेने, म्हणजे आता संगणकावरून, येणाऱ्या पैशाला टीटी दर म्हणतात आणि निर्यातदाराला तोच लागतो. बँकेशी बोलून ही फारकत कमी करून घेता येते. दहा पैसे सुटले तरी लाख डॉलरमागे दहा हजार रुपये होतात. मागायला संकोच करू नका.

प्राप्तिकरासाठी कुठला दर धरायचा?

मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला १९६२ च्या प्राप्तिकर नियमावलीतला नियम ११५ स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर धरायला सांगतो, आणि उत्पन्नाच्या प्रकाराप्रमाणे तारीखही ठरवून देतो. उदाहरणार्थ पगाराला, पगार देय होतो त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा दर. कस्टमला हे चालत नाही, तिथे सीमाशुल्क मंडळाने ठरवून दिलेला दर लागतो, तोही आयातीचा वेगळा आणि निर्यातीचा वेगळा. त्यामुळे एकाच शिपमेंटच्या कागदांत तीन दर असू शकतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. कर भरताना चालू वर्षाचा नियम आपल्या सीएला विचारूनच आकडा टाका.

जुने दर खात्रीने कुठे मिळतात?

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर. वर्षांच्या सरासऱ्या तिच्या भारतीय अर्थव्यवस्थेच्या आकडेवारीच्या वार्षिक पुस्तिकेत असतात. रोजचा संदर्भ दर आधी रिझर्व्ह बँक स्वतः काढत होती, १० जुलै २०१८ पासून ते काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था करते. स्टेट बँकेचे जुने टीटी दर मात्र एका जागी सहज मिळत नाहीत. म्हणून मी आमच्या सगळ्या कारखान्यांना एकच विनंती करतो: बँकेची ॲडव्हाइस टाकू नका. तिच्यावर तारीख, दर आणि कमिशन तिन्ही एकत्र असतात, आणि दहा वर्षांनी तेवढाच कागद कामाला येतो.

जर्मनीच्या जुन्या ऑर्डरी आहेत. १९९५ चा युरोचा दर सापडत नाही.

सापडणार नाही, कारण युरो सुरू झाला १ जानेवारी १९९९ ला आणि त्याच्या नोटा २००२ मध्ये आल्या. तुमच्या ऑर्डरी मार्कमध्ये, म्हणजे जर्मनीच्या जुन्या चलनात असतील. मार्कचा त्या दिवसाचा दर शोधा. युरोत मांडायचंच असेल तर १ युरो म्हणजे १.९५५८३ मार्क हे कायमचं ठरलेलं गुणोत्तर आहे.

दुबईत भाऊ आहे. दिरहमचा जुना दर कसा काढू?

डॉलरचा दर ३.६७२५ ने भागा. १९९७ पासून दिरहम डॉलरला याच आकड्याने बांधलेला आहे. त्याही आधीची गंमत म्हणजे, एके काळी आखातात आपलाच रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर दुबई आणि कतारने त्या सोडल्या.

हुपरीत चांदीचा भाव डॉलरवर का हलतो?

कारण जगात चांदी औंसावर आणि डॉलरमध्ये विकली जाते. किलोत ३२.१५ औंस. औंसाला २० डॉलर धरले तर किलोचे ६४३ डॉलर. डॉलर ७० ला असेल तर ४५,००० रुपये, ८० ला असेल तर ५१,४००. लंडनमध्ये चांदी जागची हललेली नसते, तरी हुपरीत पैंजण करणाऱ्याला किलोमागे सहा हजार जास्त गुंतवावे लागतात. वर आयात शुल्क आणि कर आहेतच. ज्याचं भांडवल दहा किलो चांदीएवढं, त्याला साठ हजार रुपये कुठून आणायचे हा प्रश्न त्या आठवड्यात खरोखर पडतो.

३.३१ वरून आता ८५ च्या वर. म्हणजे देश तेवढा गरीब झाला का?

नाही. नुसता आकडा मोठा असल्याने चलन किंवा देश दुबळा ठरत नाही. १९४९ ते १९७१ जपानने एका डॉलरला ३६० येन असा दर ठेवला होता आणि त्याच काळात जपान जगातली मोठी औद्योगिक ताकद बनला. बघायचं असतं ते आपल्याकडची आणि अमेरिकेतली महागाई यांतलं अंतर. आपल्याकडे वर्षानुवर्षं भाव जास्त वेगाने वाढत आले, त्यामुळे रुपया तेवढा खाली येत राहणं साहजिक होतं. त्रास होतो तो झपाट्याने झालेल्या बदलाचा. २०१३ च्या मे महिन्यात ५५ च्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टच्या शेवटी ६८ च्या वर गेला, त्या तीन महिन्यांत आयात केलेली मशीन घेणाऱ्यांची झोप उडाली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो पहिल्यांदा ८३ च्या पुढे गेला, पण तिथपर्यंत यायला नऊ वर्षं मिळाली होती.

मला ज्या दिवसाचा दर हवा त्या दिवशी रविवार होता. काय करू?

आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर धरण्याची पद्धत आहे, म्हणजे बहुधा शुक्रवारचा. काही खाजगी संकेतस्थळं शनिवार-रविवारलाही आकडा दाखवतात, तो सरकारी कामाला चालत नाही. बाजार मुंबईच्या सुट्ट्यांप्रमाणे बंद राहतो हेही लक्षात ठेवा. गुढीपाडव्याचा दर शोधत बसू नका, आदल्या कामकाजाच्या दिवसाचा घ्या आणि कागदावर त्या दराची तारीख लिहा.